सात सीटची गाडी

शेखर कुटेनं नवी गाडी घेतली ती मुख्यतः जुन्या गाडीच्या चांगुलपणाला कंटाळून.

जुनी गाडी लहान होती, पांढरी होती आणि सायखेड्यात तिचं फार कौतुक होतं, कारण ती कुणालाही मिळायची. शेखर नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात कामाला, राहायला पाथर्डी फाट्याला. पण भावकी सगळी सायखेड्याला, आणि भावकीत लग्न निघालं की हळदीच्या आधी कुणीतरी एसटीनं येऊन चहा पिऊन चावी घेऊन जायचं. सख्ख्या चुलत्याचा मुलगा, चुलत चुलत्याचा मुलगा, असे करत करत भावकीतले बहुतेक नवरदेव त्या गाडीत बसून लग्नाला गेले. एक नवरदेव तर कुटे लोकांचा नक्की कोण लागतो हे शेखरला अजूनही कळलेलं नाही. गाडी परत यायची तेव्हा तिला हळदीचा वास असायचा. एसी लावला की जाळीतून अक्षता उडायच्या. बॉनेटवर हार चिकटवलेल्या टेपचे चौकोन असायचे, ते शेखर रॉकेलच्या फडक्यानं पुसत बसायचा आणि पुसता पुसता बोलायचा. त्याची बायको उज्वला ते ऐकून घ्यायची, कारण तिथं दुसरं कुणी नसायचं.

तेव्हा नवी गाडी घ्यायची ठरली तशी ती कुणाला द्यायची नाही हेही ठरलं. रंग, इंजिन, मायलेज या गोष्टी नंतर आल्या.

गाडी सात सीटची ठरली. घरात माणसं तीन: शेखर, उज्वला आणि कॉलेजला जाणारी वेदिका. बाकीच्या चार सीटवर कोण बसणार, असं उज्वलानं विचारलं. शेखर म्हणाला, मागच्या सीट पाडून ठेवायच्या, ऐसपैस वाटतं. वेदिका म्हणाली, मग पाच सीटची घेऊन वर एक खोली बांधू. शेखरनं तिच्याकडे दुर्लक्ष केलं. तपासणी विभागात अनेक वर्षं काढल्यावर माणसाला दुर्लक्ष करण्याची एक सवय लागते. फक्त ते कुठं करावं हे कळत नाही.

डिलिव्हरी दसऱ्याची. शोरूममधल्या मुलीनं कुंकवाची वाटी आणली तेव्हा शेखरनं तिला बॉनेटवर हात लावू दिला नाही. स्वस्तिक नंबर प्लेटवर काढून घेतलं, कारण कुंकवाचा डाग रंगात उतरतो. नारळ उज्वलाकडून गेटच्या बाहेर फोडून घेतला. चाकाखाली लिंबं ठेवायला मात्र त्यानं हरकत घेतली नाही, पण मागाहून टायर पुसला.

मग ॲक्सेसरीज. शोरूमवाले जे देतात त्यावर शेखरचा विश्वास नव्हता, म्हणून तो द्वारका चौकाजवळ लियाकतभाईंच्या दुकानात गेला. लियाकतभाईंनी आयुष्यभर लोकांच्या गाड्या सजवल्या होत्या. त्यांनी आधी लायटिंगवाल्या पट्ट्या दाखवल्या, मग परफ्यूम, मग मान हलवणारं कुत्रं. शेखरनं ते सगळं बाजूला केलं आणि म्हणाला, गाडीला काही होऊ नये असं काय काय आहे ते दाखवा.

तसं बरंच निघालं. रंगावर पारदर्शक फिल्म, फिल्मवर कोटिंग. दारांच्या कडांना रबर. सीटला मोतिया रंगाची कव्हरं, आणि ती मळू नयेत म्हणून त्यांच्यावर दुसरी. खाली सेव्हन डी मॅट. शेखरनं मॅट हातात घेऊन उलटासुलटा केला आणि सातही डी कुठले ते विचारलं.

"तीन तर दिसतायत साहेब," लियाकतभाई म्हणाले. "बाकीचे वापरता वापरता कळतील."

शेवटी लियाकतभाईंनी नवरदेवाच्या गाडीसाठी फुलांची तयार जाळी काढली. टेप लागत नाही, रबरी चकत्यांनी बसते, डाग नाही काही नाही, सीझनला खूप जाते म्हणाले. शेखर म्हणाला, तेवढं सोडून बोला. घरी आल्यावर त्यानं गाडीवर बॉडी कव्हर चढवलं, साखळीनं बांधलं आणि साखळीला कुलूप लावलं. त्या दिवशी तो फार खूश होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपली म्हणावी अशी एक वस्तू हाताला लागली असं त्याला वाटत होतं, आणि यात खोटं काही नव्हतं.

दिवाळीला गाडी सायखेड्याला नेली. न नेऊन भागण्यासारखं नव्हतं. गाडी वस्तीवर चुलतभाऊ भिकनच्या अंगणात उभी राहिली आणि पाच मिनिटांत सगळी भावकी भोवती जमली. भिकनची आई चतुराबाई, म्हणजे शेखरची काकू, आरतीचं ताट घेऊन आली. शेखरची आई तो लहान असतानाच गेली होती, आणि दहावी होऊन नाशिकला शिकायला जाईपर्यंत तो या काकूच्याच हातचं जेवला होता. ती ताट घेऊन बॉनेटजवळ आली तेव्हा शेखर म्हणाला, काकू, जरा लांबून, तेल सांडेल. तिनं लांबून ओवाळलं.

पोरं आत चढायला लागली तेव्हा त्यानं त्यांना बोअरवर पाय धुवायला पाठवलं. ती ओल्या पायांनी आली, मग पाय पुसायला पाठवलं. मग त्यानं हातातल्या मऊ फडक्यानं दाराची मूठ पुसत पुसत सगळ्यांना समजावून सांगितलं. टेपनं फिल्म निघते. हाराच्या तारेनं ओरखडा पडतो. माणसं जास्त बसली की सेन्सर बिघडतो, आणि सेन्सर बिघडला की वॉरंटी जाते. सेन्सरचं त्यानं मनानंच घातलं होतं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. भिकननं तर मान हलवून, लय नाजूक काम हाय म्हणजे, असंही म्हटलं. बसून एक चक्कर मार, असं शेखर काकूला म्हणाला, तेव्हा ती शेणामातीचे हात असल्याचं सांगून घरात गेली. परतताना शेखरनं उज्वलाला सांगितलं की बरं झालं, एकदा स्पष्ट बोललेलं बरं असतं. उज्वला खिडकीतून कांद्याची रोपं बघत होती.

माघात भिकनच्या हर्षलचं लग्न निघालं.

शेखर तयारीला लागला. आता कुणीतरी चावी मागायला येणार, तर नाही कसं म्हणायचं? सर्व्हिसिंगचं कारण एका दिवसात संपतं. विम्याचं बरं होतं, पण भिकनचा साडू विम्यात होता. दाढी करताना आरशात बघून त्यानं दोन-तीन नकार म्हणून पाहिले. एक फार कोरडा वाटला, त्यात त्यानं हर्षलला आशीर्वाद घातला.

भिकन स्वतः मोटारसायकलवर पत्रिका घेऊन आला. चहा झाला, पोहे झाले, द्राक्षांचं बोलणं झालं. गाडीचा विषय निघेना. शेवटी शेखरच म्हणाला, गाडी खालीच आहे. भिकन म्हणाला, हो, येताना बघितली, झाकून ठेवली हाय मस्त. आणि उठला. नवरदेवासाठी पिंपळगावची एक भाड्याची गाडी सांगितल्याचं त्यानं जिना उतरता उतरता सहज सांगितलं, ड्रायव्हरसकट.

सुटलो, असं शेखर उज्वलाला म्हणाला. थोड्या वेळानं परत म्हणाला. जेवताना मात्र त्याचा हात थांबला.

"विचारायला काय झालं होतं त्याला?"

"तुम्ही नाहीच म्हणणार होता ना?"

"ते वेगळं," शेखर म्हणाला.

लग्न गावाबाहेरच्या एका लॉन्सवर होतं. शेखरनं गाडी मंडपापासून लांब, एका बाभळीपासूनही लांब लावली आणि कव्हर घालून तो आत आला. दारातच भाड्याची गाडी उभी होती. तिच्यावर निशिगंधाचे हार होते, काचेवर हर्षलचं आणि नवरीचं नाव होतं, टेप वाट्टेल तशी लावली होती. गाडी जुनी होती आणि एका दाराला पोचा होता. शेखर तिच्याभोवती एक चक्कर मारून आला. चक्कर का मारली ते त्याला सांगता आलं नसतं.

कुटे लोकांच्या लग्नात एक रीत आहे. पाहुणे बसतात आणि भावकी राबते. भावकीतल्या पुरुषानं मंडपात खुर्चीवर बसणं बरं दिसत नाही. त्यानं कमरेला उपरणं बांधायचं आणि पंगतीत वाढायचं. बुंदीची बादली कित्येक वर्षं शेखरकडे होती. घट्ट मूठ भरून, ताटाबाहेर एक दाणा न पाडता वाढणारा म्हणून त्याचं नाव होतं. तो सवयीनं बाह्या दुमडत भटारखान्याकडे गेला. बादली हर्षलच्या मामाकडे, गोरक्षकडे होती, आणि तो तर भावकीतलाही नव्हता. शेखरनं हात पुढे केला तर गोरक्ष म्हणाला, "राहू द्या दाजी, कपडे चांगले हायेत तुमचे. बसा तिकडं पंख्याखाली." आणि एका पोराला सांगून त्यानं खरोखरच पंख्याखाली खुर्ची टाकली.

शेखर खुर्चीवर बसला. मंगलाष्टकांना अजून अवकाश होता, म्हणून रंगनाथनानांनी माईक हातात घेऊन पाहुण्यांचे सत्कार सुरू केले. नाना हे भावकीतले सगळ्यात वडीलधारे, आणि माईक त्यांच्या हातातून सुटायला वेळ लागतो. पिंपळगावचे व्याही झाले, निफाडचे सोयरे झाले, सोसायटीचे चेअरमन झाले. एकेकाला टॉवेल, टोपी आणि नारळ. शेखर प्रत्येकाला टाळ्या वाजवत होता.

"यानंतर," नाना म्हणाले, "खास नाशिकहून वेळात वेळ काढून आलेले, आपले शेखरराव कुटे साहेब. त्यांनी टॉवेल-टोपीचा स्वीकार करावा ही विनंती."

मंडपात निम्मे लोक कुटे होते. त्यातल्या एकाचाही सत्कार आजवर झाला नव्हता, कारण घरच्या माणसाचा कुणी करत नाही. शेखरला आधी वाटलं की नाना चुकले. मग बघतो तर भिकन ताट घेऊन समोर उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर ना राग ना टोमणा, उलट चांगला अगत्याचा भाव होता, आणि तेच शेखरला सोसेना. भिकननं त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाला म्हणाला, साहेब, इकडं बघा.

"भिकन," शेखर हळू आवाजात म्हणाला, "नवरीला घरी न्यायला माझी गाडी घे. मी चालवतो."

"आरे नको," भिकन म्हणाला. "नवी गाडी हाय. काय झालं-बिलं तर आमच्या जिवाला घोर. तू जेवून जा निवांत."

शेखरला फार वाईट वाटलं. गाडी मागितली असती आणि त्यानं नाही म्हटलं असतं, तर भांडण झालं असतं, वर्षभर अबोला झाला असता, आणि तो तरीही भावकीत राहिला असता. आता भांडायलाही जागा नव्हती. तो पाहुण्यांच्या पंगतीला बसला. गोरक्षनं त्याला बुंदी वाढली आणि आग्रह करून आणखी वाढली. अर्धी ताटाबाहेर सांडली.

जेवणं उरकत आली तशी चतुराबाई पदर खोचून दाराशी येऊन उभी राहिली. नवरी यायच्या आत तिला वस्तीवर पोचायचं होतं. उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवायचं होतं. भांड्यांचा टेम्पो निघाला होता आणि ती त्यात चढायला बघत होती. शेखर जवळजवळ पळतच गेला. म्हणाला, काकू, मी सोडतो. ती म्हणाली, नको रे, टेम्पो हाय की. तो म्हणाला, नाही, मी सोडणार. त्यानं तिचा हात धरला, तसा तिचा नाइलाज झाला.

लांबवर उभ्या असलेल्या गाडीपर्यंत दोघं चालत गेली. कुलूप काढून, साखळी सोडून, कव्हर उतरवेपर्यंत चतुराबाई उन्हात उभी राहिली. त्यानं पुढचं दार उघडलं. तिनं आत पाहिलं, मग खाली वाकून चपला काढल्या, एकमेकींवर आपटून त्यांची माती झाडली आणि त्या हातात घेऊन ती वर चढली.

"काकू, चपला घाल ना."

"असू दे."

"अगं, मॅट आहे खाली. धुता येतो."

"असू दे म्हणते ना."

ती सीटच्या कडेवर बसली. पाठ टेकली नाही, चपला पदरात गुंडाळून मांडीवर धरल्या आणि पाय मॅटपासून जरा उचललेले ठेवले. शेखरनं एसी लावला, मग तिला थंडी वाजेल म्हणून बंद केला. टेकून बस, असं तो दोनदा म्हणाला. बसलेय की, असं ती दोनदा म्हणाली. कालव्याच्या खड्ड्यापाशी गाडी हलली तेव्हा आधाराला तिनं दाराची मूठ धरली नाही, स्वतःच्याच गुडघ्याला धरलं. शेखरला काहीतरी बोलायचं होतं. दिवाळीचं, त्या ताटाचं, तेलाचं. पण गाडीत बसलेल्या पाहुण्या बाईशी ते कसं बोलायचं हे त्याला सुचेना, आणि वस्ती आली.

तो फिरून दार उघडायला येईपर्यंत ती उतरलीही होती. अनवाणीच उभी राहून तिनं पदराचं टोक हातात घेतलं आणि जिथं बसली होती ती सीट पुसली. कडेची शिवण पुसली, खालचा मॅट पुसला. मग बाजूला सरून तिनं त्याला जागा करून दिली.

"बघून घे बाबा एकदा," ती म्हणाली. "काय लागलं नाय."

शेखरनं पाहिलं. खरंच काही लागलं नव्हतं.