'पुन्हा भेटू' कोरलेला दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. अमेरिकेत, नॉर्थ डाकोटातल्या एका लहान चर्चमागच्या दफनभूमीत उभा आहे. जमिनीखाली खोलवर वितळलेला शिलारस फार सावकाश थंड झाला, त्याचे स्फटिक बनले. तेच माझे अंग. मला कापून, घासून इथे आणले ते १९७१ साली.

धान्याच्या कोठारावर काम करणारा हाल्वोर ट्वेट तेव्हा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वारला होता. इकडच्या रीतीने माझ्यावर एकदम दोन नावे कोरली, एक त्याचे आणि एक त्याच्या बायकोचे, बोर्गहिल्डचे. तिच्या जन्मसालापुढे आडवी रेघ होती आणि रेघेपुढे मोकळी जागा. खाली, नॉर्वेहून आलेल्या वाडवडिलांच्या भाषेत, 'पुन्हा भेटू'.

दर रविवारी उपासना संपली की बोर्गहिल्ड थर्मासमधली कॉफी घेऊन यायची आणि हाल्वोरशेजारी तिच्यासाठी राखलेल्या जागेवर बसायची.

"हाल्वोर, मला सगळीकडे उशीर होतो म्हणायचास ना? बघ, इथेही झालाच."

माझी अक्षरे ती ओल्या फडक्याने पुसायची. सगळ्या दफनभूमीत मीच स्वच्छ, असे लोक म्हणत.

ऐंशी वर्षांची झाल्यावर तिने एकदा चर्चच्या पाळकांना माझ्यासमोरच विचारले, "तो गेला तेव्हा माझे केस काळे होते. आता हे असं ध्यान. स्वर्गात तो मला ओळखेल का?"

"ओळखेल, बोर्गहिल्ड. तिथे सगळे एकमेकांना ओळखतात."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. तरी घरी जाताना तिने दोनदा मागे वळून पाहिले.

पुढे तिचे येणे थांबले. माझ्या अक्षरांत दगडफूल वाढले. चार वर्षांनी तिची मुलगी मार्लिस तिला हाताला धरून घेऊन आली. बोर्गहिल्डने माझ्यावरची नावे मोठ्याने वाचली.

"ही बाई अजून आली नाही वाटतं. बिचारा किती वर्षं वाट बघतोय."

"आई, ती तूच आहेस. आणि हे बाबा."

"काहीतरीच. माझं कुठे लग्न झालंय?" ती हसली. मग हळूच म्हणाली, "बाई, थंडी वाजतेय. मला घरी सोडता का?"

मार्लिसने आपला कोट काढून तिला घातला.

जानेवारीत बोर्गहिल्ड गेली. जमीन गोठलेली होती, म्हणून तिची शवपेटी मे महिन्यापर्यंत थांबली. मग तिला हाल्वोरशेजारी ठेवले. दोघांची तोंडे पूर्वेला, प्रभू येईल त्या दिशेला.

"आईला तिथे बाबा आठवतील का?" मार्लिसने नव्या पाळकीणबाईंना विचारले.

"माझा तसा विश्वास आहे," त्या म्हणाल्या. मार्लिस आणखी काही ऐकायला थांबली होती. त्यांनी प्रार्थनेचे पुस्तक मिटले.

मित्रांनो, माझ्यासारख्या दगडाला तारेची घासणी लावू नका; साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. पण आधी घरी जा. जे तुम्हाला अजून नावाने हाक मारतात, त्यांच्याजवळ बसा. माझ्यावरचे पुसट होते ते पुन्हा कोरता येते. बोर्गहिल्डच्या मनातले पुसले गेले, ते कोणाला कोरता आले नाही.

दफनानंतर कारागिराने मोकळ्या जागेत तिच्या मृत्यूचे साल कोरले आणि खालच्या ओळीवरून बोट फिरवले.

"हे 'पुन्हा भेटू' झिजलंय, ताई. खोल करून देऊ?"

मार्लिसने आईसारखीच ती ओळ फडक्याने पुसली.

"राहू द्या तसंच," ती म्हणाली.