फोन नाही, धोंडीला विचारा

“माझ्या नोंदी सरळ नायत गं तनया. नवीन चालू झालं तरी जुनं महिनाभर राहू दे,” गौराबाई म्हणाल्या होत्या, आणि तनयाने हसून ते कानाआड केलं होतं.

गौराबाई म्हणजे दहिवलीच्या बालदवाखान्यातल्या जुन्या नर्सबाई. कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या वरच्या वाड्यांतलं कुठलं मूल कधी तपासायला आणायचं हे त्यांच्या डोक्यात असायचं. मग एका बोटाने अक्षरं शोधत त्या ते संगणकात घालायच्या. दर सोमवारी संगणक आठवड्याची यादी छापून द्यायचा. यादीतल्यांना फोन जायचा. ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांच्याकडे गौराबाई चालत जायच्या.

गणपतीनंतर त्या निवृत्त होणार होत्या. नेमका तेव्हाच या नोंदींचा डेटाबेसही इतका जुना झाला, की नव्या संगणकावर चालेना. त्याला नव्या व्हर्जनवर न्यायचं काम तनयाकडे आलं. दवाखान्याचं ऑफिस तीच बघायची, बी.एस्सी. झालेली, आणि घरी दहा महिन्यांची लेक, सई. तिने पुण्यातल्या अजेयला, कॉलेजच्या मित्राला, फोन लावला.

“तीन रस्ते आहेत,” अजेय म्हणाला. “आहे त्याच जागी नवं व्हर्जन चढव, मध्ये अडकलं तर दवाखाना ठप्प. नाहीतर सगळा डेटा एका फाइलमध्ये काढ आणि नव्यात भर. दोन तासांचं काम. नाहीतर दोन्ही शेजारी शेजारी चालव, महिनाभर दोन्हीकडच्या याद्या ताडून बघ, मग जुनं बंद कर.”

“तू काय केलं असतंस?”

“मी तिसरं. पण माझी घरी कुणी वाट बघत नाही.”

महिनाभर प्रत्येक नोंद दोनदा घालायची, म्हणजे रोज तासभर उशीर. सईला दात येत होते, अंग कोमट लागत होतं. तनयाने मधला, फाइलचा रस्ता धरला. शनिवारी दुपारी दोन तासांत काम आटोपलं आणि पडद्यावर शेवटी एक ओळ आली: ४३ नोंदी वगळल्या. असतील गौराबाईंच्या दुबार नोंदी, तिला वाटलं. तेवढ्यात घरून फोन आला, मागे सईचं रडणं. सोमवारी बघू, म्हणून तिने पर्स उचलली.

सोमवारची यादी कशी सुबक छापून आली. गौराबाईंच्या जागी आलेली सुनंदा म्हणाली, “ताई, एकाकडेही चालत जायचं नाही. आता सगळ्यांकडेच फोन आले वाटतं.”

“बरंच झालं की,” तनया म्हणाली.

हीच तनया सई झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची, तिचं वजन दर रविवारी कॅलेंडरवर लिहायची.

जानेवारीत गौराबाई सईसाठी झबलं घेऊन दवाखान्यात आल्या. चहा पिता पिता म्हणाल्या, “ठमीच्या चिमाला नेलं का गं मुंबईला?”

“कोण ठमी?”

गौराबाईंनी कप खाली ठेवला. चिमा म्हणजे ठमीची मुलगी, गणपतीत चार महिन्यांची होती. डॉक्टरांना तिच्या छातीत आवाज ऐकू आला होता. दसरा झाला की मुंबईला हृदयाची तपासणी करायची होती. बाई येऊन गाडीची तारीख सांगेल, असं ठमीला कबूल केलं होतं.

तनयाने जुनी फाइल उघडली. सगळं तिथेच होतं, एक अक्षर हरवलं नव्हतं. फोन नंबराच्या रकान्यात गौराबाईंनी लिहिलं होतं: फोन नाही, धोंडीला विचारा. दुसरीकडे: फोन नाही, टाकीशी हाक मारा. जुना डेटाबेस काहीही ठेवून घ्यायचा. नव्याला तिथे फक्त आकडे हवे होते. बाकीचे त्याने दारातूनच परत पाठवले. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस, फोन नसलेले.

“त्या रकान्यात दुसरं काय लिवणार हुते मी?” गौराबाई म्हणाल्या.

“तुमचं नाही हो चुकलं. मी उघडून बघितलं नाही.”

गौराबाईंनी कागद ओढला आणि एकेका घराची वाट लिहायला घेतली. त्या रागावल्या असत्या तर बरं, असं तनयाला वाटत राहिलं.

आठ दिवसांत ती आणि सुनंदा बेचाळीस घरी जाऊन आल्या. मुलं बरी होती. दोघांचे लशीचे डोस चुकले होते, ते दिले. त्रेचाळिसावं घर ठमीचं. तिथे त्या सगळ्यात आधी गेल्या होत्या, तेव्हा बंद दाराला काट्यांची फांदी लावलेली होती. शेजारचा धोंडी म्हणाला, “दिवाळी झाल्यावर गेली ती वीटभट्टीवर. खालापूर बाजूला. कंची भट्टी, नाय ठावं.”

“आणि मुलगी?”

“दूध पिताना दमायची पोर. तुमची बाई येईल म्हणून ठमी दोन सोमवार थांबली हुती. मग मुकादम थांबंना.”

तनयाने यज्ञेशला, नवऱ्याला, रजा घ्यायला लावली. स्कूटरवरून दोघांनी सात भट्ट्या पालथ्या घातल्या. ठमी सापडली नाही. मग तिने एक कागद लिहिला, त्याच्या प्रती काढल्या आणि कर्जत-खालापूर रस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्यांवर, किराणा दुकानांत स्वतः चिकटवल्या:

‘वाचणाऱ्यांना विनंती. खालापूर बाजूला कुठल्याही वीटभट्टीवर जाणं झालं, तर कोंडाण्याच्या वरच्या वाडीतली ठमी आहे का, विचारा. मुकादम नाही म्हणाला, तरी झोपड्यांपाशी जाऊन हाक मारा. तिची मुलगी चिमा आता आठ महिन्यांची आहे. ती दूध पिताना दमते का, ओठ निळे पडतात का, एवढं बघा आणि दहिवलीच्या बालदवाखान्यात तनयाला कळवा. गाडी आम्ही पाठवू. तुमच्याकडे फोन नसेल, तर कुणाहीजवळ निरोप द्या.’