नववर्षाचा घास

ओनोदेरा-सान त्र्याण्णव वर्षांचे होते. जपानमधल्या सेंदाई शहरातल्या त्यांच्या घरात वरच्या खोलीत केतकी भाड्याने राहायची. तिची पीएचडी वृद्धांच्या आहारावर चालली होती, आणि खाली तिला रोज हाच माणूस दिसायचा. लहान वाट्यांत मासा, टोफू, परसातला मुळा. पोट भरायच्या आतच चॉपस्टिक्स खाली. मग बर्फ असला तरी बाजारापर्यंत चालत जायचं.

नववर्षाच्या सकाळी त्यांनी तिला जेवायला बोलावलं. सूपमध्ये मोची होती, म्हणजे तांदळाचे चिवट गोळे.

"किमिए-सान नको म्हणाल्या होत्या ना?" केतकीने विचारलं. किमिए त्यांची मुलगी, ओसाकाला राहायची. असे गोळे घशात अडकून म्हातारी माणसं दगावतात, म्हणून तिने बंदी घातली होती.

"बारीक तुकडे केलेत," ते म्हणाले. "आणि आज सोबतही आहे."

बायको गेल्यापासून ते एकटेच जेवत. आज तिच्याबद्दल किती बोलू नि किती नको असं त्यांना झालं होतं. एरवी प्रत्येक घास सावकाश चावणारा माणूस आज बोलता बोलता गिळत होता. एक वाक्य अर्ध्यावरच थांबलं.

त्यांचा हात गळ्याकडे गेला. खोकला नाही, आवाज नाही. केतकीने त्यांना पुढे वाकवलं आणि पाठीवर तळहाताने जोरात मारलं. पुन्हा मारलं. ओठ निळे पडत चालले. एका हाताने तिने ॲम्ब्युलन्सला फोन लावला, पत्ता सांगताना तिची जपानी अडखळली. दुसरा हात थांबला नाही. शेवटी तुकडा टेबलावर पडला आणि त्यांनी घरघरत श्वास घेतला.

हॉस्पिटलने तपासून दुपारी घरी सोडलं.

"किमिएला सांगू नकोस," ते म्हणाले. "ती मला वृद्धाश्रमात ठेवेल. तिथे मी जगायचो नाही."

संध्याकाळी किमिएचा फोन केतकीलाच आला. "बाबा बरे आहेत ना?"

ओनोदेरा-सान समोरच बसले होते. केतकीला त्यांच्याकडे बघवेना. तिने सगळं सांगितलं.

"उद्या येते," किमिए म्हणाली. ते उठले आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी खालून बराच वेळ चढलेले आवाज येत होते. मग किमिए वर आली, तिचे डोळे सुजले होते.

"एकट्याने जेवण जात नाही म्हणाले. मला कधी बोलले नव्हते. वृद्धाश्रमाचं राहू दे. मी आठवडाभर आहे. मी गेल्यावर रोज संध्याकाळी तू खाली जेवशील?"

केतकी त्याच संध्याकाळी गेली. ओनोदेरा-सान तिच्याशी बोलले नाहीत. पण तिची वाटी त्यांनी स्वतः भरली, आणि तिने पहिला घास घेईपर्यंत ते थांबून राहिले.