रत्नाऊची दिंडी

कीर्तनात बोटं मोडायची चाल इंदापुरात कुणी पाडली हे कुणालाच सांगता आलं नसतं, पण ती कुठं मोडायची हे शेंबड्या पोरीलाही ठाऊक होतं. रामनवमीच्या सप्ताहात शेवटच्या दुपारी रत्नावतीचं आख्यान लागायचं. बुवा सांगत सांगत गढीच्या मोठ्या दरवाजातल्या छोट्या दारापाशी, दिंडीपाशी, यायचे, मृदंग थांबायचा, आणि बुवा हात वर करून म्हणायचे, "आणि तिनं दिंडी उघडली!" की बायकांच्या बाजूला कडाकडा बोटं मोडली जायची. चुलीत तुराट्या पेटल्यासारखा आवाज व्हायचा. फितूर बाईला तेवढाच आहेर. मग सगळ्या जणी पदर सावरून पुढची कथा ऐकायला मोकळ्या.

द्वारकाबाई लग्न होऊन आल्यापासून दर साल ही बोटं मोडत आल्या होत्या. आख्यान सांगणारे महिपतीबुवा त्यांचे मालकच. त्यामुळे ती जागा जवळ आली की त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं, त्यांची बोटं सगळ्यांच्या आधी वाजायची, आणि याचा त्यांना थोडा तोराही होता. यंदा मात्र त्या आख्यानाचं नुसतं नाव निघालं तरी त्या उठून आत जात होत्या.

यंदा दिंडी उघडणारी त्यांच्या घरातच होती. त्यांची लेक सुधा.

सुधा पणदऱ्याला दिलेली. सासरे आबासाहेब म्हणजे बडं प्रस्थ. पाटाच्या पाण्यावर वांगी, कोबी, पेरू पिकवायचे आणि माल थेट पुण्याला न्यायचे. महिन्यामागं असाच माल घेऊन घरचे सगळे पुरुष पुण्याला गेले होते. रात्री सुधाच्या तान्ह्या पोराला ताप फणफणला, डोळे फिरायला लागले. सासू बनाबाई म्हणाल्या, "सकाळी बघू. पुरुषमानूस येऊ दे." सुधानं थोडा वेळ वाट पाहिली. मग तिनं परसदाराचा अडसर काढला, शेजारच्या मळ्यातल्या कुंडलिक गड्याला हाक मारली, आणि त्याच्या बैलगाडीतून पोराला बारामतीच्या डॉक्टरकडं नेलं. दिवस उगवायला ताप उतरला. पोर वाचलं हे कुणी बोललं नाही. सून परक्या गड्याबरोबर रातची गेली, हे मात्र बारामतीच्या बाजारापर्यंत पोचलं.

आबासाहेबांनी सुनेला माहेरी आणून सोडलं आणि नातू ठेवून घेतला. नवरा वसंत सोबत आला होता. पण वसंत हा बापाच्या मागं उभा राहणारा, पुढं कधी नाही. तेव्हापासून पोर शेळीच्या दुधावर होतं आणि सुधाच्या चोळीचे काठ दुधानं भिजत होते. द्वारकाबाईंना ते बघवत नव्हतं.

मग आबासाहेबांचा निरोप आला. सप्ताहाला येतो. पोर आणतो. बुवांनी रत्नावतीचं आख्यान लावावं, सुधानं पहिल्या रांगेत बसावं, आणि दिंडी उघडली की सगळ्या गावादेखत सुनेनं आधी बोटं मोडावीत. मोडली तर चारच्या सर्व्हिस मोटारीनं तिला घेऊन जाऊ. नाही मोडली तर पोर घेऊन जाऊ.

आता ही रत्नावती कोण, तर तिची गढी भीमेच्या काठाला होती म्हणतात. आज तिथं मातीची एक टेकडी आहे आणि तिच्यावर शेरडं चरतात. नाईकाची ही बायको. गढीला वेढा पडला असताना तिनं रात्री मोठ्या दरवाजातली छोटी दिंडी उघडली, गनीम आत घुसला, गढी पडली. एवढं सगळ्यांना मान्य. का उघडली, यावर मात्र ज्यानं त्यानं आपल्या घरचं मीठ घातलं. जुन्या शाहिरांनी पोवाड्यात सांगितलं, गनिमाच्या सरदाराचे घारे डोळे तिला भुलवून गेले. शाहिरांना घाऱ्या डोळ्यांचं वेड, दुसरं काय! त्यांच्या मागून हरदास आले. देवळात डोळ्यांचं कसं बोलणार? म्हणून त्यांनी तिला पुतळ्यांची माळ दिली. बाई सोन्याला भुलली. अलीकडं बारामतीला एक नाटक मंडळी आली होती, तिच्यात मिशी काढलेला एक गडी रत्नावती होऊन दिंडीला टेकून एवढा वेळ गात राहिला, की तेवढ्यात गनीम वेढा उठवून घरी गेला असता. लोकांनी वन्समोअर दिला. पिढ्या गेल्या, बाई तीच, दिंडी तीच. दर वेळी तिला नवं पाप चिकटलं, तेवढंच.

आणि एक चौथं सांगणं होतं, सगळ्यांत जुनं. ते कुणी लिहिलं नाही आणि कुणी देवळात म्हटलंही नाही. ते जात्यावर होतं. तिथं तिला रत्नावती म्हणत नसत, रत्नाऊ म्हणत.

सप्ताहाच्या शेवटच्या सकाळी बुवा उपरणं झटकत होते, तेव्हा द्वारकाबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"आवं, भक्ताचं येकादं आख्यान लावा की."

"त्यांनी मागितलंय तेच लावाय पायजे. लेकरू त्यांच्याकडं हाय."

"मग माळेसाठी तरी म्हनू नगा. तुमच्या आईनं जात्यावर काय गायलं, ठाव हाय तुमाला. तिच्या मांडीवर निजून ऐकलंय तुमी."

बुवांनी उपरणं खांद्यावर टाकलं.

"जात्यावरचं जात्यावर," ते म्हणाले. "देवळात वव्या चालत न्हाईत. उगं येक सांगाय जावं अन् लेकीचं लेकरू हातचं जावं. मला भ्या वाटतंय, द्वारके."

भ्या द्वारकाबाईंनाही वाटत होतं. न मोडावीत तर पोर जाणार. मोडावीत तर लेक स्वतःच्या बोटांनी सांगणार, की मीही रत्नावतीच. मग जन्मभर त्या घरात आमटीत मीठ जास्त झालं तरी हेच निघणार. इकडं आड, तिकडं विहीर.

सुधा चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "आई, मी मोडीन बोटं. लेकरासाठी कायबी मोडीन." आणि तिनं भाकरी तव्यावर टाकली, ती करपली तरी उलटली नाही.

दुपारी देऊळ गच्च भरलं. चैत्राचं ऊन असं, की फरशीला पाय टेकवत नव्हता. पुरुषांच्या बाजूला पुढं आबासाहेब, पागोटं चापूनचोपून. त्यांच्या मागं वसंत. बायकांच्या बाजूला खांबापाशी बनाबाई, मांडीवर पोर. पोर वाळलं होतं. झोपेतच तोंड चुटूचुटू हलवत होतं. सुधा रांगेच्या दुसऱ्या टोकाला, ठरल्याप्रमाणं. तिनं एकदाच तिकडं पाहिलं आणि मान खाली घातली. द्वारकाबाई तिच्या पाठीशी बसल्या. सुधाचे हात मांडीवर होते. त्या हातांवरून त्यांची नजर हटत नव्हती.

बुवांनी पूर्वरंग कसाबसा उरकला. आवाज बसलेला, टाळकरी एकमेकांकडं पाहत होते. पण उत्तररंगाला गढी आली, वेढा आला, आणि बुवा बदलले. कितीही झालं तरी गडी जातीचा हरदास. घोड्यांच्या टापा चिपळ्यांवर वाजायला लागल्या. बुरुजावरची मशाल विझली, पहारेकरी पेंगला. गोरी पावलं पायऱ्या उतरू लागली, गळ्यात गनिमाकडून आलेली पुतळ्यांची माळ. ऐकणारे पुढं सरकले. द्वारकाबाईही सरकल्या. त्यांना राग यायला लागला, दर सालचा, ओळखीचा राग. आत पोरंबाळं निजलेली, आणि ही भवानी माळ घालून निघाली! मृदंग थांबला. बुवांचा हात वर गेला.

"आणि तिनं दिंडी उघडली!"

कड्‌कन बोटं वाजली. सगळ्यांच्या आधी.

ती द्वारकाबाईंची होती.

त्यांच्या मागोमाग साऱ्या बायकांची वाजली. द्वारकाबाई आपल्या हातांकडं बघत राहिल्या. हे हात आपलेच, हे त्यांना खरं वाटेना. सुधानं वळून पाहिलं. नजरेत राग नव्हता. रस्ता चुकलेल्या माणसानं बघावं तशी ती आईकडं बघत होती. द्वारकाबाईंना वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं.

सुधाचे हात मांडीवर तसेच होते.

आबासाहेब मान वळवून बघत होते. सगळं देऊळच बघत होतं. बुवांचा हात वरच राहिला होता. आणि बोटांच्या कडकडाटानं दचकलेलं पोर जागं झालं आणि टाहो फोडून रडायला लागलं. बनाबाईंनी थोपटलं, वाटीतलं दूध बोटानं ओठाला लावलं. पोरानं तोंड फिरवलं. ओरडून ओरडून त्याचा आवाज चिरकला.

सुधानं हात उचलले. द्वारकाबाई पुढं वाकल्या. पण सुधानं ते हात जमिनीला टेकले आणि ती उठली. गावादेखत रांगेतून चालत सासूपुढं गेली आणि ओंजळ पसरली.

"आदी बोटं," आबासाहेब म्हणाले.

"आदी लेकरू, मामंजी," सुधा म्हणाली. आवाज लहानच होता, पण थरथरत नव्हता.

आबासाहेब उठले. "वसंता, पोर घे. चल."

तेव्हा द्वारकाबाईंनी तोंड उघडलं. कीर्तनात बाई गात नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण हातांनी घात केल्यावर त्यांच्यापाशी आता तोंडच उरलं होतं. आवाज चिरका लागला, पहाटे जात्यावर लागतो तसा.

*दिंडीचा अडसर, रत्नाऊ काढी हातानं*
*तान्हं गं कोरडं, दूध आटलं रातीनं*

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी "ऑं?" केलं. द्वारकाबाईंना पुढची ओळ सुचेना. संपलं, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात मागून कुणा म्हातारीनं ओळ उचलली, मग तिच्या शेजारणीनं, मग सगळ्यांनीच. कुणाला शिकवायला लागली नाही. साऱ्यांच्या घरी जातं होतं.

*नदी गं हाकंवरी, घागर घेती कडंला*
*दोष नगा देऊ तिला, दोष कोरड्या आडाला*

बुवांचा वर राहिलेला हात हळूहळू खाली आला. त्यांनी डोळे मिटले. मृदंगवाला नको तिथं हळूच ठेका धरायला लागला.

वसंत बायकांच्या बाजूपर्यंत आला होता. बनाबाईंनी पोर त्याच्या हाती दिलं नाही. सुधाच्या ओंजळीत ठेवलं. सुधा तिथंच खांबाला पाठ लावून बसली आणि पदराआड पोराला घेतलं. रडं थांबलं. मग बनाबाई नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "त्या राती घरात मी व्हते. सकाळी बघू म्हनले ती मी. लेकरू गेलं असतं तर कुनाच्या नावानं बोटं मोडली असती? मोडायची तर माज्या नावानं मोडा."

कुणीही मोडली नाहीत.

आबासाहेबांनी पागोटं नीट केलं. ते नीटच होतं. "मोटारीची येळ झाली," ते कुणाकडंही न बघता म्हणाले. "सगळ्यांनी आवरा." माफ केलं, चुकलं, असलं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. त्यांच्यासारख्याच्या तोंडून एवढं निघालं तेच पुष्कळ, असं लोक पुढं म्हणाले. बुवांनी माळेचं नाव न काढता आख्यान तिथंच संपवलं आणि आरतीला हात लावला.

मोटारीपाशी द्वारकाबाईंनी लेकीची ओटी भरली. नातू दूध पिऊन सुस्त झाला होता. सगळं मनासारखं झालं होतं, तरी त्या लेकीच्या नजरेला नजर देत नव्हत्या. आबासाहेब पुढं बसले. वसंतानं पहिल्यांदाच बायकोचं गाठोडं आपल्या हातानं वर ठेवलं. सुधा पायरीवर पाय ठेवून थांबली.

"आई, पयलं तुजंच बोट वाजलं."

"सवयीनं वाजलं गं." द्वारकाबाईंचे डोळे भरून आले. "देवाशपथ, माज्या मनात न्हवतं. सवयीनं वाजलं."

"व्हय," सुधा म्हणाली. तिनं पोराच्या डोक्यावर पदर ओढला. "सकाळी बघू, हे आत्याबाई बी सवयीनंच म्हनल्या व्हत्या."

ती आत जाऊन बसली. मोटार गेली. धुरळा खाली बसला तरी द्वारकाबाई हात पदराखाली घेऊन तिथंच उभ्या होत्या.