ताग मोडायचा दिवस

मे महिन्यात वडूजच्या कार्यालयात शेतकऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेची बैठक भरली, आणि साहेबांनी भिंतीवर दाखवलेला पहिलाच फोटो पाहून तिथल्या कर्मचारी दीपमालाला उठून बाहेर जावंसं वाटलं.

फोटो तिचाच होता. कमरेएवढ्या, पिवळ्याधमक फुलांनी भरलेल्या तागात ती उभी होती आणि शेजारी पदर सावरत त्या रानाची मालकीण रंगुबाई हसत होती. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'पांढरमाळची यशोगाथा'. साहेब सांगत होते, गेल्या वर्षी आपण चाळीस शेतकऱ्यांना तागाचं बी दिलं, पावसाळ्यात उघडी पडणारी रानं झाकली, मातीला हिरवळीचं खत मिळालं. यंदाही पांढरमाळ, यंदाही चाळीस पिशव्या आणि जबाबदारी दीपमालाचीच. टाळ्या वाजल्या. दीपमालाने मान खाली घातली. लोकांना वाटलं, पोरगी लाजली.

खरं काय घडलं होतं, ते त्या खोलीत तिला एकटीलाच ठाऊक होतं.

दीपमाला मिरजेकडची. वडिलांचा बागायती मळा, बारमाही पाणी. तिकडे ऊस निघाला की ताग पेरायचा, फुलावर आला की गाडायचा आणि वर पाणी सोडायचं. तीन-चार आठवड्यांत सगळं कुजून मातीत मिसळतं. लहानपणापासून तिने हेच पाहिलेलं. दोन वर्षांपूर्वी ती खटावच्या कोरडवाहू मुलखात नोकरीला आली. इथे कित्येक रानं पावसाळाभर रिकामी ठेवतात, कुळवाच्या पाळ्या घालतात आणि सप्टेंबरच्या मध्याला, उत्तरा नक्षत्रावर, शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी पेरतात. उघड्या रानावर दणक्याचा पाऊस झाला की वरची सुपीक माती ओढ्याला जाते. ती पिकाने झाकावी हा विचार चांगलाच होता. पण बी आलं जुलै सरता सरता. आलं तसं तिने वाटून टाकलं. सप्टेंबरात ताग फुलला, साहेबांनी फोटो मागितला, तिने पाठवला. तोवर तागाच्या काड्या सुतळीसारख्या चिवट झाल्या होत्या आणि शाळवासाठी रानात मुरलेली ओल तागानेच ओढून घेतली होती. लोकांनी घाईघाईने तो गाडला आणि तो कुजायच्या आतच त्याच्यावर शाळू पेरला. इथे वरून पाणी सोडायला पाट कुठे होता?

नोव्हेंबरात ती स्कूटरवरून पांढरमाळला निघाली होती. गावाच्या अलीकडच्या चढावर थांबून तिने खाली पाहिलं. हिरव्यागार शाळवाच्या जागी रानभर चट्टे पडले होते. तिने तिथूनच गाडी वळवली. त्या महिन्यात रंगुबाईचा फोन अकरा वेळा आला. दीपमालाने एकदाही उचलला नाही. वडूजच्या बाजारात पांढरमाळचं कुणी दिसलं की ती दुसऱ्या बोळात शिरायची. रस्त्यात कुणी मागून 'ओ बाई' अशी हाक मारली तरी ती मागे न बघता झपाझप चालू लागायची.

आणि आता पुन्हा तिथेच जायचं होतं.

बैठकीनंतर दोन दिवस तिने ताप असल्याचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी काही सांगण्यासारखं उरलं नाही, तेव्हा निघाली. औंधजवळ डोंगरावरचं यमाईचं देऊळ दिसलं, देवीला गाडीवरूनच हात जोडले. वाटभर ती एकच वाक्य घोकत होती, पावसाने दगा दिला. ते अर्धं खरंही होतं. गेल्या वर्षी पाऊस कमीच झाला होता.

शिवेवर बिराप्पा तात्या मेंढरं चारत उभे होते. सत्तरीचे धनगर, उभी हयात मेंढरांमागे गेलेली, आता चार एकर रानही कसत होते. दीपमालाला वाटलं, न बघितल्यासारखं करून पुढे जावं. पण तात्यांनी काठी आडवी धरली.

"आलासा म्याडम? बरं झालं. रंगुबाई लय दिस तुमची वाट बघतीया."

 सगळ्यांचा राग असेल ना, असं तिने कसंबसं विचारलं. तात्यांनी आडपडदा ठेवला नाही. राग हाय, म्हणाले. मग झालं ते सगळं सांगितलं. रंगुबाईचा शाळू विरळ उगवला, तेव्हा रानाच्या खालच्या अंगाला थोडी ओल शिल्लक होती. त्या मोकळ्या जागांत हरभरा टोकला तर येईल का, एवढंच तिला विचारायचं होतं. आठवड्याभरात कुणी हो म्हटलं असतं, तरी काहीतरी हाती लागलं असतं. उत्तर आलं नाही, ओल उडून गेली. कडबाही झाला नाही. शेवटी तिने दावणीची गाभण म्हैस लेकीच्या सासरी नेऊन बांधली.

"शिव्या द्यायला फोन करत न्हवती ती," तात्या म्हणाले. "इचारायला करत हुती."

दीपमालाला वाटत होतं, लोक आपल्याला ओरडतील, अपमान करतील. सहा महिने ती त्या भीतीपायी पळत होती. आणि त्या पळण्यानेच एका बाईचं उरलंसुरलं पीक गेलं होतं! आता तिला निराळीच भीती वाटू लागली, ती स्वतःची.

तात्या मेंढरांकडे बघत बोलत राहिले. "आमी दिवाळी झाली की मेंढरं घिऊन कोकणात उतरायचो. मेंढरांचा वाडा हलवायच्या आदी माघारी कवा फिरायचं ते ठरलेलं असायचं. तसं न ठरवता गेला, तर मेंढरं तिकडंच पावसात सापडून मरायची. तुमी पेरा म्हणालासा, आमी पेरलं. पर मोडायचं कवा, ते कुणी सांगितलंच न्हाई."

दुपारी देवळासमोर लोक जमले. फौजेतून सुभेदार होऊन परतलेले हंबीरराव पुढेच बसले होते. दीपमाला बोलायला उभी राहायच्या आत त्यांनी शांतपणे विचारलं, "म्याडम, यंदा फोटो कवा काढायचा तेवढं सांगा. पेरायचं मागनं बघू."

लोक हसले.  दीपमालाचं घोकलेलं वाक्य ओठांवर आलं होतं. तेवढ्यात खांबाशी बसलेली रंगुबाई दिसली. ती हसत नव्हती आणि रागाने बघतही नव्हती. ती ऐकायची वाट बघत होती.

"गेल्या वर्षी चूक पावसाची नव्हती," दीपमाला म्हणाली. "माझी होती. बी उशिरा आलं तेव्हाच मी नको म्हणायला पाहिजे होतं. ताग केव्हा मोडून गाडायचा हे मी तुमच्या रानाकडे बघून ठरवलं नाही. आणि शाळू फसलेला दिसल्यावर मी भिऊन पळाले. रंगुकाकी, तुमचे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत."

 मग मागचा एकजण उठून गेला. त्याच्यामागे चार गेले, मग दहा. दीपमाला तशीच उभी राहिली. शेवटी हंबीररावांसह सातजण उरले. रंगुबाईने पदर खोचला आणि म्हणाली, "मग आता नीट सांगा. काय करायचं?"

दुसऱ्या दिवसापासून दीपमाला पहार घेऊन एकेका रानात हिंडली. तात्या बरोबर असत. पहार कुठे किती जाते, कुठे टणकन मुरूम लागतो, ते बघायचं. रंगुबाईच्या वरच्या पट्टीत वीतभरच माती होती. तिथे ताग नको, मटकी पेरायची, म्हणजे वेल जमीन झाकेल आणि घरात कडधान्यही येईल. खालच्या काळ्या रानात ताग. पुढे कोणतं पीक घ्यायचं, ते आधी विचारायचं आणि तिथून दिवस मागे मोजत यायचं. उत्तरेला शाळू पेरायचा, तर ताग कुजायला निदान पाच आठवडे हवेत. म्हणजे आश्लेषा नक्षत्र सरायच्या आत, ऑगस्टच्या मध्यापर्यंत, तो गाडलाच पाहिजे. आणि आर्द्रा संपेपर्यंत, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, पेरणीजोगा पाऊस झाला नाही, तर यंदा ताग पेरायचाच नाही. पेरल्यापासून मोडेपर्यंतचे सगळे दिवस आधी ठरले. प्रत्येकाने ते आपल्या गोठ्याच्या भिंतीवर चुन्याने लिहून ठेवले.

उरलेल्या तेहतीस पिशव्या घेऊन दीपमाला वडूजला परतली. साहेबांनी पिशव्या मोजल्या. चाळीसचे सातच? गेल्या वर्षीचं खरं काय झालं तेही तिने लिहून दिलं. ते वाचल्यावर, पुढच्या वर्षी तुझं इथं काय होईल ते मला सांगता येत नाही, एवढंच ते म्हणाले. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

मृग कोरडा गेला. आर्द्राही निम्मी सरली. रोज सकाळी उठून ती आधी आभाळाकडे बघायची. आर्द्रेच्या दहाव्या दिवशी पाऊस झाला आणि सातही रानांत पेरणी झाली. आठवड्यात रानं हिरवी दिसू लागली. जुलैच्या शेवटी ढगफुटीसारखा पाऊस झाला, तेव्हा शेजारच्या उघड्या रानांतून गढूळ लोट वाहिले. तागाच्या रानांतून निवळ पाणी बाहेर पडलं. हंबीरराव छत्री घेऊन बांधावर उभे राहून ते बघत होते.

खरी कसोटी आश्लेषेत लागली. ताग कमरेला लागत होता, कोवळा, लुसलुशीत. नुसत्या कळ्या दिसत होत्या. मोडायला दोन दिवस राहिले होते आणि साहेबांचा फोन आला. दहा-बारा दिवसांनी मदत देणारे पाहुणे पुण्याहून येणार होते. तोवर फुलं येतील, रान पिवळं दिसेल, तेवढं थांबव, ते म्हणाले.

दीपमाला बांधावरच खाली बसली. हो म्हटलं तर नोकरी वाचणार होती. दहा-बारा दिवस म्हणजे असे किती? गेल्या वर्षी फुलांसाठी थांबतानाही तिने स्वतःशी असंच म्हटलं होतं.

"साहेब, फुलं आली की काड्या निबर होतात. मग उत्तरेपर्यंत कुजत नाहीत," ती म्हणाली.  "आम्ही परवा मोडतोय. पाहुण्यांना गाडलेलं रान दाखवीन मी."

पलीकडून फोन बंद झाला.

ठरलेल्या दिवशी ट्रॅक्टर आला. रंगुबाईला हिरवं पीक मोडताना बघवेना. आंगावर काटा येतुया, असं म्हणत ती रानाकडे पाठ करून बसली. हंबीररावांनी मात्र अर्धा एकर ताग तसाच राखला. अजून वाढू दे, जास्त खत होईल, असं त्यांचं म्हणणं. दीपमालाने दोनदा सांगितलं, मग वाद घातला नाही.

त्यानंतर बारा दिवस पावसाचा थेंब नाही! ओल नसेल तर गाडलेला ताग कुजणार कसा? दीपमाला रोज माती उकरून बघायची. काड्या कोरड्याच्या कोरड्या. आता रंगुबाईचा फोन आला की ती पहिल्या घंटीला उचलायची. सांगण्यासारखं काहीच नसायचं. दोघी आपल्या आभाळाबद्दल बोलायच्या आणि फोन ठेवायच्या. भीती तेवढीच होती, फक्त आता ती दोघींत वाटली गेली होती. मघा नक्षत्राच्या शेवटाला, ऑगस्ट सरता सरता, पाऊस लागला आणि तीन दिवस रिमझिमत राहिला. पुढच्या आठवड्यात उकरलेल्या मातीला कुजट, दमट वास आला, तेव्हा दीपमालाला रडू फुटलं.

पाहुणे ठरल्यापेक्षा उशिरा, सप्टेंबरात आले, तेव्हा गाडलेल्या रानात फूल नव्हतं.  हंबीररावांनीच पाहुण्यांना रान उकरून काळी भुसभुशीत माती दाखवली. मग स्वतःच्या राखलेल्या अर्ध्या एकरात नेऊन तागाची काडी मोडायला सांगितली. ती मोडेना. "ही माजी चूक," ते म्हणाले. "बघून घ्या."

उत्तरेत शाळू पेरला. नोव्हेंबरात सातांपैकी पाच रानांत तो छातीला लागत होता. हंबीररावांचं अर्धं रान हिरवंगार आणि अर्धं खुजं होतं. सातांतल्याच दादासोंचं रान मात्र साफ फसलं. मुरमाच्या त्या उताराला ताग सोसलाच नाही, पहार तिथे पुरेशी चालवली नव्हती. दीपमाला त्या दिवशी सगळ्यांत आधी दादासोंच्या रानात गेली. जावंसं वाटत नव्हतं, तरी गेली. दोघांनी मिळून तिथे पुढच्या साली मुरमाला सोसणारा हुलगा करायचं ठरवलं. साहेब महिनाभर तिच्याशी धड बोलले नाहीत. मग एके दिवशी शेजारच्या गावाची यादी तिच्यापुढे ठेवून म्हणाले, "पहार घेऊन जा."

वाचकहो, जमीन उघडी ठेवू नये, हे सांगणारे पुष्कळ आहेत आणि ते खरंच सांगतात. पण प्रत्येक रानाची खोली निराळी, ओल निराळी, पुढचं पीक निराळं. पेरणीचा सल्ला देणाऱ्याने मोडणीचा दिवसही सांगितला पाहिजे, आणि पीक फसलं तर त्या बांधावर सगळ्यांत आधी त्यानेच पोचलं पाहिजे. बी वाटलं आणि फोटो काढला, याला मदत म्हणत नाहीत. आपण कुणी शेतकरी असू, कुणी कर्मचारी, कुणी शिक्षक. आपल्या शब्दावर विसंबून कुणीतरी काहीतरी पेरलेलं असतं. भीती वाटली तरी तिकडे जावं. तिथे माणूस बहुधा भांडायला उभा नसतो. पुढे काय करायचं, हे विचारायला उभा असतो.