चोर भलत्याच अंगाला

भागिरथीचं हाड जुळलं होतं, पण ती पलंगावरून उठायला तयार नव्हती. आता वॉकर धरून पावलं टाकली नाहीत तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. मुलगा संदीप विनवून थकला, सून धनश्री रागावून थकली, आणि मी तर तिच्या लेखी लग्नापासूनच बिनकामाचा. "पुन्हा पडंल मी," एवढंच म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करायची. तिला तसं बघून माझा जीव तुटायचा, आणि जीव तुटला की मी चिडतो.

"तुला पायजे तरी काय?" एकदा मी खेकसलोच.

"जामखेडच्या माळवदावर निजायचंय. हितं सावेडीत वर निस्ता पंखा दिसतोय. एक चांदनी न्हाई."

गावच्या घराचं मातीचं छत म्हणजे आमचं माळवद. सगळे उन्हाळे आम्ही त्यावर काढले. पण जी न्हाणीपर्यंत जात नाही, तिला जामखेडला नेणार कसं?

"अण्णा, मग चांदण्याच इथं आणू," असं म्हणत धनश्रीने मला एक व्हिडिओ दाखवला. पत्र्याच्या डब्याच्या बुडाला भोकं पाडायची, मोबाईलची बॅटरी लावून त्यावर डबा पालथा घालायचा, खोलीत अंधार करायचा, की छतावर तारे.

हे तर माझंच काम. नगरच्या भांडेबाजारात मी आयुष्यभर भांड्यांवर नावं घातली. आहेराचा तांब्या असो की देवळाची समई, देणाऱ्याचं नाव टिंबाटिंबांनी उमटवल्याशिवाय माझ्या हातून सुटत नसे. बिस्किटांचा रिकामा डबा घेतला, आत लाकडाचा ठोकळा बसवला आणि नाव घालतो तसंच बाहेरून, खिळ्याने आठवणीतलं आभाळ ठोकलं. सप्तर्षींचे चार तारे म्हणजे आमच्याकडे म्हातारीची बाज, आणि पुढची वाकडी रांग म्हणजे बाजेला लागलेले तीन चोर. काम झकास उतरलं होतं.

संध्याकाळी धनश्रीने खिडक्यांना चादरी लावल्या. बॅटरी लागली आणि छतभर चांदणं सांडलं. भागिरथी उताणी झाली. मला वाटलं, जमलं.

"चोर भलत्याच अंगाला गेल्यात," ती म्हणाली.

"बराबर हायेत."

"रांग अशी वळती व्हय? तुमी माळवदावर निस्तं घोरत हुता."

मी डबा फिरवला. रांग हवी तशी वळली, तर बाज उलटी झाली. उलट फिरवला, तर चोर पुन्हा भलतीकडे. मीही हट्टाला पेटलो. वर बघत हुज्जत घालत राहिलो, आणि तिचा आवाज अगदी कानाशी येतोय हे फार उशिरा ध्यानात आलं.

भागिरथी माझ्या शेजारी उभी होती. एक हात वॉकरवर, दुसरा डब्याकडे. धनश्रीने तोंडावर हात ठेवला. मी सावरायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. डोळे भरून आले, पण अंधार होता म्हणून निभावलं.

तिने डबा उचलून आत डोकावलं. "तांब्यावर नाव घालाय लागलात व्हय? तांब्या मानूस बाहेरनं बगतंय. आभाळ आपुन आतनं बगतोय. बाहेरनं ठोकायचं तर उलटं ठोका."

ते खरं होतं.

"दुसरा डबा काढा," ती म्हणाली. "मी हाय हितं."

धनश्रीने दिवा लावला, मी पलीकडच्या भिंतीशी ठोकायला बसलो. एरवी असलं काम चहा निवायच्या आत हातावेगळं केलं असतं. त्या दिवशी एकेक टिंब तोलून मापून ठोकत होतो. दोनदा मुद्दाम चुकलो. दोन्ही वेळा भागिरथी वॉकर पुढे सरकवत, एकेक पाऊल टाकत, मला नीट शिव्या घालता याव्यात म्हणून आणखी जवळ आली.