खिशात राहिलेला स्ट्रायकर

मी कॅरमचा स्ट्रायकर बोलतोय. खेळातल्या गमतीजमती ऐकायच्या असतील, तर निराश व्हाल. माझ्याजवळ सांगण्यासारखी उरली आहे ती लाजच.

१९७४ साली मेन रोडवरच्या एका दुकानातून बाळाजीपंतांनी मला विकत घेतलं. गंगापूर रोडवरच्या एका धर्मादाय नेत्र रुग्णालयात ते कारकून. डबे खाऊन झाले की कॅरम मांडला जाई. ज्याच्या हाती मी, त्याचीच पाळी. इतरांनी हात मागे घ्यायचे. मोठे डॉक्टरसुद्धा हे ऐकत, म्हणून मी भलताच शेफारलो होतो.

१९८८ मध्ये कुणा दात्याने कॉम्प्युटर दिले. दोन टेबलांवर दोन, आणि तारांनी जोडलेला तिसरा कोपऱ्यात. शस्त्रक्रियांच्या नावांची फाइल त्या तिसऱ्यात असे. एका टेबलावर बाळाजीपंत, दुसऱ्यावर नव्याने लागलेल्या लतिकाताई. लवकरच कळलं, की दोघांनी एकदम फाइल उघडली, तर जो शेवटी साठवतो त्याचंच राहतं. आधीच्याचं पुसलं जातं आणि यंत्र हूं की चूं करत नाही.

"मग आपला स्ट्रायकर आहे की!" बाळाजीपंत म्हणाले. "तो ज्याच्याकडे, त्यानंच फाइल उघडायची."

झालं. मी कॅरमवरून थेट कचेरीत. ऐट काय विचारता!

पण बाळाजीपंतांना वामकुक्षी लागे. एका दुपारी फाइल अर्धवट उघडी ठेवून ते बाकावर आडवे झाले. मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात.

तेवढ्यात सायखेड्याच्या शकुबाई आल्या. काचबिंदूने एक डोळा गेलेला, दुसरा जायच्या वाटेवर. मुंबईचे सर्जन रविवारी यायचे होते, आणि नंतर एकदम दिवाळीनंतर. नाव आजच घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

लतिकाताई बाकापर्यंत आल्या. वडीलधाऱ्या माणसाला झोपेतून उठवायचं कसं? खिशात हात तरी कसा घालायचा? तशाच परत गेल्या, फाइल उघडली, नाव लिहिलं, साठवलं.

"नाव लागलं हं, मावशी. रविवारी उपाशीपोटी या."

बाळाजीपंत उठले आणि त्यांनी आपलं उरलेलं काम साठवलं. शकुबाईंचं नाव गेलं. नियम मोडल्याचं कळू नये म्हणून लतिकाताई गप्प होत्या. नाव गेल्याचं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

रविवारी शकुबाई पहाटेच्या एसटीने आल्या.

"यादीत नाव नाही, बाई," बाळाजीपंत म्हणाले.

"आसं कसं? त्या ताईनं लिवलंय की."

लतिकाताई शेजारीच उभ्या होत्या. त्या यादी पुन्हा पुन्हा चाळू लागल्या.

"माझंच चुकलं आसंल," शकुबाई म्हणाल्या. "दिसत नाय ना, दादा. यायचा दिस दुसराच आसंल." आणि भिंत चाचपत निघून गेल्या.

मग लतिकाताई रडत रडत सगळं बोलल्या. बाळाजीपंत स्टॅंडवर धावले, पण गाडी सुटली होती. सर्जनही संध्याकाळी परतले.

दुसऱ्या दिवशी मला भोक पाडून दोन टेबलांच्या मधल्या खिळ्याला टांगलं. पुढे नवा प्रोग्राम आला. एकाने फाइल उघडली की दुसऱ्याला तो स्वतःच अडवतो. आता मी खणात टाचण्यांबरोबर पडून असतो आणि कुणी खण उघडला की कानकोंडा होतो. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी राखणदार असेल, तर त्याला खिशात घालून झोपू नका. आणि झोपलेल्याला उठवा हो, रागावला तर रागावू दे.

शकुबाईंचं काय झालं, हे सांगायचं मी टाळतोय. दिवाळीनंतर त्यांची शस्त्रक्रिया झाली. मी तेव्हा खिळ्यावरच होतो. पट्टी सोडल्यावर नर्सने त्यांना कागदांसाठी आमच्या टेबलापाशी आणलं.

"दिसतं का, मावशी?" नर्सने विचारलं.

"उजेड कळतो. मानसं नाय दिसत."

लतिकाताई आणि बाळाजीपंत त्यांच्यासमोर हात जोडून उभे होते.

"कोन हाय हितं?" शकुबाईंनी विचारलं.